खडू आणि चिकणमाती : उत्तर फ्रान्सच्या रणभूमींवरून

शनिवार : सेल नदी, फ्लेस्किएर

सेल नदी बघून पहिल्यांदा वाटतं, हिच्यासाठी एवढा रक्तपात? सॉल्झ्वार गावाजवळ ती जेमतेम एखाद्या कालव्याएवढी आहे. सीझरने आपल्या वृत्तांतात साबिस नदीची खोली सुमारे तीन फूट दिली आहे, ती इथे उभं राहून पटते. साबिस म्हणजे सांब्र नदी, असं पूर्वी धरून चालत. आता बरेच अभ्यासक सेलच्या बाजूने बोलतात. आम्हीही तेच प्रमाण मानून इथून सुरुवात केली.

इसवी सनपूर्व 57. अलीकडच्या टेकाडावर रोमन सैनिक छावणीसाठी चर खणत होते आणि पलीकडच्या झाडीत नर्व्ही टोळ्या दबा धरून होत्या. नर्व्हींचं घोडदळ नावापुरतंच. शेजाऱ्यांच्या घोडेस्वारांना अडवायला ते कोवळी झाडं अर्धी छाटून वाकवत, फांद्या आडव्या वाढू देत आणि मधे काटेरी झुडपं लावत. सीझर म्हणतो, या कुंपणातून जाणं सोडाच, पलीकडचं दिसतही नसे. काटेरी तार यायला अजून एकोणीसशे वर्षं होती. नर्व्हींनी नदी ओलांडून इतक्या वेगाने झडप घातली की रोमनांना शिरस्त्राणं चढवायला, ढालींवरची आवरणं काढायलाही उसंत मिळाली नाही. सीझरने मागच्या फळीतल्या एका शिपायाची ढाल हिसकावली आणि स्वतः पुढे घुसला. शेवटी दहावी लीजन, म्हणजे रोमन सैन्याची दहावी तुकडी, परत फिरली म्हणून निभावलं. शत्रूचे 60,000 लढवय्ये होते, त्यातले जेमतेम 500 उरले, असंही तो लिहितो. त्याच नर्व्हींनी तीन वर्षांनी रोमन छावणीला वेढा घालून तिला जेरीला आणलं. पाचशे माणसांत हे कसं जमलं, ते सीझरलाच ठाऊक.

माझ्यासोबत काका होते. त्यांची सगळी नोकरी तोफखान्यात गेली. कुठल्याही रणांगणावर पाट्या आणि पुतळे नंतर. आधी बुटाची टाच जमिनीत रोवून बघायची, ही त्यांची रीत.

“काका, इथे तर बघण्यासारखं काहीच नाही.”

“असं कसं? हल्ला झाला तेव्हा रोमन काय करत होते? खणत होते. अरे, शिपायाचं निम्मं आयुष्य खणण्यात जातं. कुठे खणता येतं आणि कुठे नाही, एवढं बघत चल.”

पुढचा सगळा प्रवास मग त्याच नजरेने झाला. या भागाची वाटणीही सोपी आहे. दक्षिणेला पिकार्डीत वरच्या मातीच्या थराखाली पांढरा खडू, म्हणजे मऊ चुनखडक, उत्तरेला फ्लँडर्समध्ये चिकणमाती. पहिल्या महायुद्धात, ऑक्टोबर 1918 मध्ये, ब्रिटिश सैन्याने हीच सेल नदी रात्रीच्या अंधारात तात्पुरते पूल टाकून ओलांडली.

दुपारी कांब्रेजवळचं फ्लेस्किएर. इथल्या संग्रहालयात एकच मोठी वस्तू आहे आणि तेवढी पुरते: डेबोरा नावाचा ब्रिटिश मार्क-4 रणगाडा. 20 नोव्हेंबर 1917 ला गावात शिरताना त्यावर तोफगोळे बसले, आतल्या आठांपैकी पाच जण मेले. नंतर तो खड्ड्यात ढकलून पुरला गेला आणि 1998 मध्ये उकरून काढला. पुढचा भाग फाटलेला, पत्रा आत वळलेला. पत्र्याची जाडी बोटभरसुद्धा नाही. इंजीन मधोमध, भोवती माणसं, मधे आडोसा काही नाही. धूर, उष्णता, कानठळ्या. त्या पाच जणांची थडगी शेजारच्याच दफनभूमीत आहेत. संग्रहालयाची जागा मुद्दाम तशी निवडली आहे.

कांब्रेला त्या दिवशी ब्रिटिशांनी 476 रणगाडे आणले होते, त्यांपैकी 378 प्रत्यक्ष लढणारे. जर्मन खंदक रुंद होते, म्हणून रणगाड्यांच्या टपावर काटक्यांच्या भल्यामोठ्या मोळ्या बांधल्या होत्या; खंदकाच्या काठाशी यायचं, मोळी आत टाकायची आणि तिच्यावरून पलीकडे जायचं. काकांना मात्र रणगाड्यांपेक्षा तोफांचं कौतुक. तोवर हल्ल्याआधी अंदाजाचे गोळे टाकून पल्ला जमवून घ्यायची पद्धत होती. त्याने शत्रू सावध व्हायचा आणि जमिनीची चाळण व्हायची. इथे नकाशा, मोजणी, हवामान आणि प्रत्येक तोफेची खोड यांचा हिशेब आधीच मांडून पहिला गोळा थेट निशाणावर टाकला. जमीन शाबूत राहिली म्हणून रणगाडे चालले. इंग्लंडात चर्चच्या घंटा वाजल्या. 30 नोव्हेंबरला जर्मनांनी उलटा हल्ला केला आणि मिळवलेलं बरंचसं परत घेतलं.

रविवार : सोम नदीचा परिसर

ला ब्वासेलचं लॉकनागर विवर बघायला सकाळी लवकर गेलो. 1 जुलै 1916, सकाळी 7 वाजून 28 मिनिटं. जर्मन मोर्च्याखाली बोगदा खणून सुमारे 27 टन अमोनल स्फोटक भरलं होतं, ते उडवलं. खड्ड्याची रुंदी शंभर मीटरच्या आसपास, खोली वीसेक मीटर. आदल्या रात्री पाऊस पडूनही तळाशी पाणी साचलेलं नव्हतं. कडेचं गवत जिथे झिजलं आहे तिथे खडू उघडा पडतो. बोटाने खरवडला की पांढरी पूड हाती येते.

सोमची लढाई समजायला हीच पूड उपयोगी पडते. खडू खणायला सोपा, पाणी धरत नाही आणि भिंत लवकर ढासळत नाही. जर्मनांनी इथे जवळजवळ दोन वर्षं मुक्काम ठोकून खोल तळघरं खोदली होती. ब्रिटिशांनी हल्ल्याआधी आठवडाभर तोफांचा मारा केला. बरेच गोळे श्रापनेलचे, म्हणजे हवेत फुटून छर्रे उडवणारे. उघड्यावरच्या माणसांना ते घातक, पण खोल तळघराला काय करणार? तारांची कुंपणंही बऱ्याच ठिकाणी शाबूत राहिली. मारा थांबला, जर्मन वर आले, मशीनगन मांडल्या. त्या एका दिवसात ब्रिटिश बाजूचे 57,470 जण घायाळ, बेपत्ता किंवा ठार झाले, ठार 19,240.

थिएपवालच्या स्मारकावर, ज्यांचे देह सापडले नाहीत किंवा ओळखता आले नाहीत अशा 72,000 हून अधिक जणांची नावं आहेत. आराखडा एडविन लट्येन्सचा. दिल्लीचं इंडिया गेटही त्याचंच. एकात एक कमानी घालून त्याने भिंतींची संख्या वाढवली आहे, कारण नावं कोरायला पृष्ठभाग हवा होता.

मला जास्त ओढ होती हाय वूडची. हे रान खाजगी मालकीचं, आत जाता येत नाही. कडेच्या शेतरस्त्यावरून चक्कर मारली. 14 जुलै 1916 च्या संध्याकाळी याच उतारावरून डेक्कन हॉर्सचे हिंदुस्थानी घोडेस्वार भाले रोखून दौडले. सोबत सातवे ड्रॅगून गार्ड्स हे ब्रिटिश घोडदळ होतं. उभ्या पिकात दडलेल्या काही जर्मनांना त्यांनी भाल्यांनी टिपलं, पण रान हाती लागलं नाही. त्यानंतर दोनच महिन्यांनी, 15 सप्टेंबरला, जगातले पहिले रणगाडे रणांगणात उतरले आणि त्यांतले काही याच रानात घातले गेले. झाडांचे फुटके बुंधे आणि खड्डे यांत ते अडकून बसले. रानात रणगाडा घालू नका, असं रणगाडेवाले आधीच सांगत होते. ऐकलं नाही. एकाच उन्हाळ्यात एकाच झाडीपाशी भाला आणि रणगाडा, असं दुसरं ठिकाण मला तरी माहीत नाही. तिथे पाटी आहे, वाहनं थांबायला जागा नाही, आणि बहुतेक पर्यटक बस थेट थिएपवालला जातात.

सोमवार : क्रेसी

सोमवारी पाचशे सत्तर वर्षं मागे गेलो. इंग्लंडचा तिसरा एडवर्ड ज्या पवनचक्कीवरून लढाई बघत होता म्हणतात, तिथे आता लाकडी मनोरा आहे. वर चढलं की दरी पायाशी पसरते आणि उतार किती मोक्याचा होता ते समजतं.

26 ऑगस्ट 1346. फ्रेंच सैन्य आबव्हीलकडून दिवसभर चालून आलेलं, थकलेलं, त्यात संध्याकाळी पावसाची सर. पुढे जिनोव्हाचे भाडोत्री क्रॉसबोवाले, म्हणजे दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य चालवणारे. क्रॉसबो ताणायला वेळ लागतो, म्हणून तो शिपाई एरवी उंच ढालीआड उभा राहून हत्यार भरतो. त्या ढाली मागे सामानाच्या गाड्यांत राहिल्या होत्या. समोर लाँगबोवाले, म्हणजे माणसाएवढ्या उंच धनुष्याचे इंग्रज, मिनिटाला दहाच्या आसपास बाण सोडणारे. जिनोव्हावाले मागे फिरले तेव्हा फ्रेंच सरदारांनी आपल्याच या माणसांना घोड्यांखाली तुडवलं. त्यानंतर फ्रेंच घोडदळाने चढावर एकामागून एक हल्ले केले आणि दर वेळी बाणांखाली घोडी कोसळली. बोहेमियाचा अंध राजा जॉन आपल्या स्वारांसह रणात शिरला आणि मारला गेला. त्याच्या नावाचा दगडी क्रूस रस्त्याकडेला आहे.

इंग्रजांनी इथे थोड्या लहान तोफाही आणल्या होत्या. युरोपात मैदानी लढाईत तोफ वापरल्याच्या पहिल्यावहिल्या उदाहरणांतलं हे एक. “आवाज आणि धूर, बाकी फारसं काही नाही,” काकांनी आपल्याच खात्याच्या पूर्वजांना निकालात काढलं.

मंगळवार : अझँकूर

इंग्रजीत ज्याला एजिनकोर्ट म्हणतात ते हे गाव. रात्रभर पाऊस पडत होता. मला त्याचा आनंदच झाला, कारण 24 ऑक्टोबर 1415 च्या रात्रीही असाच पाऊस होता आणि नंतरच्या सकाळी जे घडलं त्यात त्याचा वाटा मोठा.

रणांगण म्हणजे आजही शेतच. एका बाजूला अझँकूर, दुसऱ्या बाजूला त्रामकूर, मधे नांगरलेली काळपट तपकिरी माती. तेव्हा दोन्हीकडे दाट झाडी होती, त्यामुळे मधली पट्टी चिंचोळी. गहू नुकताच पेरलेला. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर रान वाफशावर नव्हतं, म्हणजे ओल फार होती, आणि अशा रानात त्या दिवशी हजारो माणसं आणि घोडी उतरली.

बांधाच्या कडेने थोडं आत गेलो. दहा पावलांत बुटांना माती चिकटून पाय जड झाले. पंधराव्या पावलाला टाच वर आली आणि बूट खालीच राहिला. काकांनी तो उपसून काढून माझ्या हातात दिला. “आता याच्यावर पंचवीस किलोचं चिलखत चढव, तोंडावर लोखंडी झडप ओढ, आणि समोरून बाण येतायत म्हणून मान खाली घालून तीनशे मीटर चाल.”

इंग्लंडचा पाचवा हेन्री हार्फ्लरचा वेढा आटोपून कॅलेकडे निघाला होता. सैन्य आजारी, भुकेलं, बहुतेक तिरंदाज. फ्रेंच संख्येने वरचढ. किती वरचढ यावर इतिहासकार अजून भांडतात. सकाळी बराच वेळ कोणी हललं नाही. मग हेन्रीने आपली फळी बाणांच्या टप्प्यापर्यंत पुढे नेली. तिरंदाजांनी टोकदार खुंट पुन्हा जमिनीत ठोकले आणि बाण सोडायला सुरुवात केली. त्या क्षणी फ्रेंच घोडदळ तुटून पडतं तर खुंट ठोकायलाही वेळ मिळाला नसता. घोडदळ आलं, पण उशिरा आणि अपुरं. खुंट आणि बाण यांपुढे ते उधळलं, आणि उधळलेली घोडी परत फिरली ती चालून येणाऱ्या आपल्याच पायदळावर. चिखल आणखी तुडवला गेला.

पायी येणारे सरदार उत्तम चिलखतात होते. चांगल्या पोलादाला बाण सहजासहजी भेदत नाही, हे प्रयोगांनीही दिसलं आहे. पण बाणांनी त्यांना दाटीवाटीने मधोमध यायला लावलं. पट्टी अरुंद होत गेली, मागचे पुढच्यांना रेटत राहिले, आणि इंग्रजांना भिडेपर्यंत हात उचलायलाही जागा उरली नाही. जो पडला त्याच्यावर दुसरा पडला. तेव्हा तिरंदाजांनी धनुष्यं टाकली आणि हातोडे, कुऱ्हाडी, खंजीर घेऊन ते बाजूंनी आत घुसले. अंगात हलके कपडे, काहींच्या पायांत काहीच नाही. चिखलात तेच चपळ ठरले. शाळेतल्या गोष्टींत ही लढाई लाँगबोने जिंकली असं सांगतात. माझ्या मते निम्मं श्रेय नांगराला द्यायला हवं.

लढाई संपत आली असताना मागून नवा हल्ला येतोय अशा भीतीने हेन्रीने बंदिवानांना मारायचा हुकूम दिला. सरदारांनी कुरकुर केली, ती दयेपोटी होती की खंडणी बुडते म्हणून, हे प्रत्येकाने ठरवावं. ऑर्लिअन्सचा ड्यूक शार्ल मात्र जिवंत सापडला. पुढची 25 वर्षं त्याने इंग्लंडात कैदेत काढली आणि तिथे उत्तम कविता लिहिल्या.

गावातलं संग्रहालय छान आहे. धनुष्य ताणायला किती जोर लागतो ते करून बघता येतं. मला अर्ध्यापर्यंत जमलं.

बुधवार : ला कूपोल

अझँकूरपासून तासाभरात सेंतोमेर, आणि तिथून जवळच विझेर्नची जुनी खडूची खाण. 1943 मध्ये जर्मनांनी या खाणीच्या माथ्यावर 71 मीटर व्यासाचा, 5 मीटर जाडीचा काँक्रीटचा घुमट ओतायला घेतला. तोच हा ला कूपोल. वजन 55,000 टन. क्रम उलटा होता: आधी टेकडीवर घुमट, मग त्याच्या आडोशाने खालचा खडू पोखरत जायचं. वरून बाँब पडत असले तरी खाली काम चालू.

हे सगळं व्ही-2 साठी. 14 मीटर लांबीचं अग्निबाण, टोकात सुमारे टनभर स्फोटकं, पल्ला 320 किलोमीटर. निघताना वजन साडेबारा टन, त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग इंधन आणि द्रव ऑक्सिजन. हा ऑक्सिजनच डोकेदुखी. तो साठवला की उकळून उडून जातो, म्हणून तयार करायचा कारखाना उड्डाणाच्या जागेलाच हवा. म्हणून एवढं मोठं भुयार. जुन्या रेल्वे बोगद्यातून आत जाताना गारवा हाडात शिरतो. भिंती उघड्या खडूच्या, कुदळींचे वण अजून ताजे वाटतात. राबणाऱ्यांत सोव्हिएत कैदीही होते.

इथून एकही व्ही-2 उडालं नाही. जुलै 1944 मध्ये ब्रिटिश विमानांनी पाच टनांहून जड टॉलबॉय बाँब टाकले. घुमट टिकला, पण भोवतालचा खडू घसरला, बोगदे दबले आणि काम सोडून द्यावं लागलं. सप्टेंबरात व्ही-2 लंडनवर पडू लागले ते हॉलंडमधून, ट्रकच्या ताफ्यासोबत फिरत्या तळांवरून. म्हणजे हे एवढं काँक्रीट मुळात गरजेचंच नव्हतं. व्ही-2 आवाजाच्या कितीतरी पुढे धावत येत असे. आधी स्फोट, मग त्याची चाहूल. ते अडवायला काहीही उपाय नव्हता, तरी युद्धाचा निकाल त्याने बदलला नाही. ते जिथे बनवले गेले त्या डोरा या नाझी बंदीछावणीत सुमारे 20,000 कैदी मेले. व्ही-2 च्या माऱ्यात मेलेल्यांपेक्षा ही संख्या कितीतरी मोठी आहे. संग्रहालयात ही छावणी आणि पुढचा अंतराळप्रवास एकाच छताखाली मांडलाय, आणि व्ही-2 घडवणारा व नंतर अमेरिकेसाठी अंतराळयानांचे अग्निबाण बनवणारा वेर्नर फॉन ब्राउन दोन्हीकडे आहे. काका या दालनातून लवकर बाहेर पडले.

गुरुवार : नव शापेल, मेसिन

नव शापेलला खडू संपतो. सपाट रान, शेताशेताला पाण्याचे चर. इथे खंदक खोल खणला की पाणी लागतं, म्हणून मातीच्या पोत्यांची भिंत रचून तिच्याआड राहायचं. 1914-15 चा हिवाळा हिंदुस्थानी सैनिकांनी याच पट्ट्यात काढला. फेस्त्युबेरला पूना हॉर्सचा लेफ्टनंट डी पास याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं; 10 मार्च 1915 ला नव शापेललाच गढवाली रायफलमन गबर सिंग नेगीलाही मरणोत्तर. त्या सकाळी 35 मिनिटांचा जोरदार मारा करून गाव घेतलं. विमानातून काढलेल्या छायाचित्रांवरून खंदकांचे नकाशे बनवले होते. ही रीत तेव्हा नवी होती. पण पुढे सरकायला हुकूम वेळेवर पोचेनात, राखीव तुकड्या खोळंबल्या, जर्मन सावरले.

इथलं हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक हर्बर्ट बेकरचं, 1927 सालचं. गोलाकार भिंत, जाळीचं काम, कमळाचं शीर्ष असलेला उंच स्तंभ, पायथ्याशी दोन वाघ. भिंतीवर 4,700 हून अधिक नावं, पलटणीवार. आम्ही बराच वेळ नावं वाचत होतो. काकांनी तोफखान्याची नावं शोधली, मग सफरमैनांची, म्हणजे खंदक-सुरुंग खणणाऱ्या पलटणींची.

तिथून सीमा ओलांडून बेल्जियमचं मेसिन. 7 जून 1917, पहाटे 3 वाजून 10 मिनिटं: जर्मन मोर्च्याखाली एकामागोमाग ब्रिटिशांचे 19 भूसुरुंग. बोगदे वरच्या वाळूखालच्या निळ्या चिकणमातीतून काढलेले. खणणारा लाकडी आडव्या फळीला पाठ टेकून झोपायचा आणि दोन्ही पायांनी फावडं रेटायचा, कारण कुदळीचा आवाज शत्रूला ऐकू गेला असता. बाहेर आलेली निळी माती लपवावी लागे. विमानातून ती दिसली असती तर खालचं काम उघडं पडलं असतं. स्पानब्रूकमोलेनचं विवर आज काठोकाठ पाण्याचं तळं आहे. लॉकनागर कोरडं, हे तुडुंब. फरक फक्त मातीचा. सगळे सुरुंग उडवले नव्हते. राहिलेल्यांतला एक 1955 मध्ये वीज पडून फुटला आणि एक गाय मेली. आणखी काही खाली आहेतच.

शुक्रवार : ईप्रच्या उत्तरेला

लांगेमार्कच्या दिशेने. 22 एप्रिल 1915 ला जर्मनांनी इथे 5,730 नळकांड्यांतून क्लोरीन सोडला. वायू हवेपेक्षा जड, म्हणून तो नेमका खंदकांत उतरला. ज्या खड्ड्याने गोळ्यांपासून वाचवलं तोच खड्डा घातक झाला. चार दिवसांनी हिंदुस्थानी सैन्याची लाहोर डिव्हिजन याच भागात प्रतिहल्ल्यात उतरली आणि तिलाही वायूला तोंड द्यावं लागलं. जमादार मीर दस्तचा व्हिक्टोरिया क्रॉस त्या दिवसाचा.

रस्त्याकडेला विजेच्या खांबाच्या पायाशी एक गंजलेला गोळा ठेवलेला दिसला. नांगराला लागला की शेतकरी असाच बाहेर ठेवून कळवतो. काका दोन पावलं मागेच थांबले. “बुडाशी तांब्याचं कडं दिसतंय? ते नळीच्या आट्यांत रुतून गोळ्याला फिरकी देतं. कड्यावर आट्यांचे चरे आहेत, म्हणजे हा उडवलेला आहे, फुटला नाही एवढंच. आत काय आहे ते बाहेरून कळत नाही.” पूलकापेलेला बेल्जियन लष्कराचं बाँबनाशक पथक आहे. दरवर्षी दीडशे टनांच्या पुढे असा माल त्यांच्याकडे येतो. वायूचे गोळे क्ष-किरणांनी तपासून वेगळे काढावे लागतात.

कुणाला हा फेरा करायचा असेल तर स्वतःची गाडी लागेलच. हाय वूड, क्रेसी, अझँकूर बसच्या वाटेवर नाहीत. ऑक्टोबरअखेर गेलात तर शुगर बीटच्या ट्रॅक्टरांनी रस्ते चिखलाने माखलेले असतात, गाडी सावकाश घ्यावी. ला कूपोलला जूनमध्येही स्वेटर न्या. आणि शेताच्या कडेला लोखंडाचं काहीही दिसलं, ते कितीही निरुपद्रवी वाटलं, तरी त्याला पायानेसुद्धा हलवू नका.